वृंदाच्या मशीनची खंडेनवमी

आमच्या घरात बंदूक बायकोची आहे आणि धाकही तिचाच आहे. वृंदा नागपूरची, कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल चालवायची. मी पुण्याचा, माझा नेम कचऱ्याच्या डब्यातही लागत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर आमचे बाकीचे मित्र सहलीला गेले, ही शूटिंग क्लबात गेली. तिथे तिला कळलं, की मनासारखं काडतूस हवं असेल तर ते घरीच भरावं. तेव्हापासून इथल्या बॉथेल गावच्या पावसात आमची गाडी बाहेर भिजते आणि गॅरेजमध्ये काडतुसं भरायचं मशीन कोरडं राहतं.

हे मशीन म्हणजे एक गोल तबकडी आणि एक दांडा. तबकडीच्या खाचांत काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या उभ्या करायच्या. दांडा एकदा खाली ओढला की तबकडी एक घर पुढे सरकते आणि प्रत्येक घरी एक काम होतं. एकीकडे पुंगळी आकारात येते, दुसरीकडे बारूद पडते, पुढे गोळी बसते, शेवटी तोंड आवळलं जातं. प्रत्येक घराच्या डोक्यावर एक डाय, म्हणजे पोलादी साचा, आणि तो केसभरही इकडेतिकडे झालेला चालत नाही. ते सगळं जमवायला वृंदाने दोन वीकेंड घालवले. (मला बघायला आली होती तेव्हाही तिने इतकं निरखून पाहिलं नव्हतं.)

त्या शुक्रवारी ती ऑफिसला निघताना म्हणाली, "उद्या सकाळी माझी पहिली मॅच आहे. संध्याकाळी येऊन काडतुसं भरणार. बारूद कुलपात ठेवलीय. तू मशीनला हात लावू नकोस."

"मी कशाला लावू?" मी म्हणालो, आणि तेव्हा ते अगदी खरं होतं.

पण त्या दिवशी खंडेनवमी होती आणि नागपूरहून सासूबाई आलेल्या होत्या. त्यांनी सकाळीच मिक्सर, शिलाई मशीन आणि माझा लॅपटॉप या सर्वांना हळदकुंकू वाहिलं होतं. घरूनच चाललेल्या माझ्या मीटिंगमध्ये माझ्या कपाळापेक्षा लॅपटॉपच जास्त पवित्र दिसत होता.

"जावईबापू, त्या गॅरेजमधल्या मशीनची पूजा कोण करणार? शस्त्राची गोष्ट आहे ती. आजचा दिवसच त्याचा आहे."

"वृंदा हात लावू नको म्हणाली आहे, आई."

"हात कुठे लावायचा आहे? अक्षता दुरूनच टाकतात."

मी गॅरेजचं दार उघडलं. सासूबाईंनी दांड्याला झेंडूचं फूल बांधलं. मशीनवर नारळ फोडायचा त्यांचा विचार मी मोठ्या मुत्सद्देगिरीने जमिनीवर वळवला. मग अक्षता मी टाकल्या. दुरून टाकायच्या म्हणून जरा जोर लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा नेम लागला! कुंकवात भिजलेला एक तांदूळ नेमका तबकडीच्या खाली जाऊन बसला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काय काय केलं ते तुम्हाला शांतपणे बघता येईल.

"चालते कशी ही?" सासूबाईंनी विचारलं.

इथे मी उठून ऑफिसच्या कामाला लागायला हवं होतं. पण जावई म्हणून आजवर त्यांना चालवून दाखवण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. मी एक रिकामी पुंगळी ठेवली आणि दांडा ओढला. तबकडी सरकली, पण घरापर्यंत पोचली नाही. पुंगळी डायच्या कडेवर आपटून चेपली.

"असंच करायचं असते का?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही. डाय जरा खाली आला असावा. दोन मिनिटांचं काम आहे."

तिथून माझे हात जे सुटले ते थांबेचनात. मी डाय पाव फेरा वर घेतला. दुसरी पुंगळी चेपली. मी फोनवर व्हिडिओ लावला. त्यात एक दाढीवाला गृहस्थ प्रत्येक गोष्टीला पाव फेरा द्या म्हणत होता, पण कुठल्या बाजूला ते त्याचा हात आड येत असल्याने दिसत नव्हतं. मी दोन्ही बाजूंना दिला. शेजारचा डाय जुळत नाही असं वाटलं म्हणून त्यालाही दिला. मग सगळे सारखे दिसावेत म्हणून सगळ्यांना दिला. ऑफिसची मीटिंग मी कानात ऐकत होतो आणि त्यात कोणा ज्युनिअरला मीच समजावत होतो, की बाबा रे, एका वेळी एकच बदल कर, नाहीतर काय बिघडलं ते कळणार नाही. बोलता बोलता तबकडीच्या मधला बोल्टही सैल केला.

"काय करून राहिले जावईबापू तुम्ही?" सासूबाईंचा आवाज जरा उतरला होता. "उद्या पोरीची मॅच आहे ना?"

ते ऐकून मला खरंच घाम फुटला. त्या मॅचसाठी वृंदा वर्षभर दर शनिवारी पहाटे उठून सरावाला गेली होती. एकदाही कुरकुर नाही. आणि मी एका दुपारीत तिची तयारी मोडून ठेवली होती. मला स्वतःचा इतका राग आला, की त्या रागात मी अजून एक पाव फेरा दिला.

वृंदा आली. गॅरेजमध्ये चेपलेल्या पुंगळ्यांचा ढीग, झेंडू, नारळाचं पाणी आणि मध्ये मी, हातात पाना.

"कशाला हात लावलास?"

"थोडंसंच फिरवलं."

"कुठलं?"

"सगळंच. पण थोडंसं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बॅग ठेवली, तबकडी उचलली आणि भुवया कोरायच्या चिमट्याने लाल तांदूळ बाहेर काढला. माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी छताकडे पाहिलं.

तांदूळ काढायला तिला एक मिनिट लागलं. मी केलेलं निस्तरायला पूर्ण संध्याकाळ गेली. मला सासूबाईंसोबत मेथी निवडायला बसवलं, हात गुंतलेले राहावेत म्हणून. गॅरेजमधून दांड्याचा आवाज आला की मी अर्धवट उठायचो आणि सासूबाई आणखी एक जुडी पुढे सरकवायच्या. जेवायच्या वेळेला तो आवाज एका लयीत यायला लागला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. घरात चार दिवसांची मेथी निवडून झाली होती.

मॅचमध्ये तिची बंदूक एकदाही अडकली नाही. नंबर काही आला नाही, पण ती इतकी खुश होती, की गाडीपाशी येऊन तिने मला चक्क टाळी दिली. तेवढ्यात क्लबातले डग नावाचे एक वयस्क गृहस्थ जवळ आले. काडतुसं फार छान भरली आहेत, कोणी भरली, असं त्यांनी विचारलं. त्यांनी तेच मशीन घेतलं होतं आणि त्यांना ते काही केल्या जुळत नव्हतं.

"मशीनचं मला विचारा," माझं तोंड म्हणालं. "उद्या येतो आम्ही."

वृंदाने माझ्याकडे जे पाहिलं ते त्या दिवसातलं तिचं सर्वांत अचूक नेमबाजीचं काम होतं.

रविवारी आम्ही गेलो. वृंदा डगसाहेबांबरोबर गॅरेजमध्ये गेली. मला त्यांच्या बायकोने मागच्या अंगणात खुर्ची दिली, कॉफी दिली आणि मांडीवर त्यांचं जाडजूड मांजर ठेवलं. (ही मांजराची कल्पना कोणाची, ते मी विचारलं नाही.) तासाभरात मशीन जुळलं. निघताना डगसाहेबांनी माझा हात हातात घेऊन मदतीबद्दल मनापासून आभार मानले. मी ओशाळून म्हणालो, "छे हो, मी काय केलं?"

"असं कसं?" वृंदा म्हणाली. "तू आत आला नाहीस."