गणपतीने पास केलेली फाइल

जगातल्या प्रत्येक वस्तूत काहीतरी दोष असतो आणि तो सापडेपर्यंत माणसाने जेवायला बसू नये, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी पाहिला आणि तो माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बी.एस्सी. होऊन कोल्हापूरकडून देवासला आले आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. मालावर 'ओके' किंवा 'रिजेक्ट' असा शिक्का मारायचा, एवढंच काम. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल आणि नारळ मिळाला. नारळ त्यांनी कानाशी हलवून पाहिला आणि परत केला. व्हर्निअर कॅलिपर मात्र अजून त्यांच्या खिशात असतो. आमच्याकडे जेवताना त्यांनी एकदा पोळीची जाडी तीन ठिकाणी मोजली. "विजू, कडेला फरक येतोय," ते माझ्या बायकोला म्हणाले. "चव उत्तम आहे. पण चव ड्रॉइंगमध्ये नसते." विजूने पुढची पोळी त्यांना ड्रॉइंगप्रमाणेच वाढली, म्हणजे करपलेली.

हे गृहस्थ साठाव्या वर्षी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायला निघाले. कारण विचारलं तर म्हणाले, "साडूभाऊ, चौतीस वर्षं मी दुसऱ्याला पास-नापास केलं. मला कुणी तपासलंच नाही." देवासला त्यांना प्रवेश मिळत होता, पण तिथे शिकवणाऱ्यांत दोघे त्यांच्या हाताखालच्या कामगारांचे मुलगे होते. "ते घाबरून पास करतील. तपासणी निष्पक्ष नको?" म्हणून निष्पक्ष तपासणीसाठी ते धारला आले आणि निष्पक्ष जेवणासाठी आमच्याकडे राहिले. सोमवारी सकाळी इंदूरवरून बस बदलून यायचे, शनिवारी परत जायचे.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी पांढरा सफारी, खिशात व्हर्निअर आणि हातात फाइल अशा थाटात ते फाटकाशी उभे राहिले. चौकीदाराने सलाम ठोकला आणि त्यांना थेट प्राचार्यांच्या खोलीत नेऊन बसवलं. वरून तपासणी समिती येणार, अशी कुजबुज तेव्हा चालू होती. साडूंपुढे चहा आला, काजू आले, हजेरीपटही आले. समोर कागद ठेवल्यावर न तपासणं त्यांच्या रक्तात नाही. अर्ध्या तासात त्यांनी सात चुका काढल्या. "सर, आप तो बहुत बारीकी से देखते हैं," प्राचार्य घाम पुसत म्हणाले. "वो ठीक है," साडू म्हणाले, "मगर मेरा नाम इसमें कहाँ है? मैं फर्स्ट सेमेस्टर में हूँ." त्यानंतर त्या कॉलेजात त्यांना कुणी काजू दिले नाहीत.

वर्गातली मुलं आधी त्यांना अंकल म्हणायची, महिन्याभरात भिया, म्हणजे भैया, म्हणू लागली. माळव्यात याहून मोठी पदवी नाही. एका मुलाने प्रेमाने सांगितलं, "भिया, आप घर बैठो, आपकी हाजिरी अपन लगा देंगे." साडूंनी त्याला खोट्या शिक्क्याने बाहेर गेलेला माल पुढे कुठल्या यंत्रात जाऊन काय करतो, यावर पाऊण तास ऐकवलं. तो मुलगा पुढे दोन वर्षांत एकदाही गैरहजर राहिला नाही. बहुधा कुणाला काही सुचवायचं धाडसच त्याला उरलं नसावं.

आमच्या घराची दशा झाली ती पाल्यामुळे. एम.एस्सी.ला पन्नास वनस्पती मुळांसकट गोळा करून, कागदात दाबून, वाळवून, चिकटवून त्यांची फाइल द्यावी लागते. दाबायला वजन हवं. म्हणून गॅसच्या टाकीखाली टाकळा, गादीखाली माका, धान्याच्या डब्याखाली आघाडा अशी व्यवस्था लागली. माझ्या शब्दकोशाच्या जाडजूड खंडांना वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी उपयोग शोधून काढला. वर्तमानपत्र मी वाचायच्या आत पाल्याभोवती गुंडाळलेलं असे, त्यामुळे त्या दोन वर्षांत माझं मन फार शांत होतं. ते कुक्षीच्या बसने मांडीवर काटेरी झुडूप घेऊन यायचे आणि शेजारच्या प्रवाशाला, काटा लागल्यावर, त्याचं लॅटिन नाव सांगायचे.

आता गणेश चतुर्थीची गोष्ट. फाइल आठवड्याने जमा करायची होती. पन्नास पानं पुरी नसतील तर प्रात्यक्षिकाला बसू देणार नव्हते, म्हणजे दोन वर्षं पाण्यात. तीस पानं तयार होती. उरलेल्या वीस वनस्पती त्यांनी आठवडाभर कुक्षीच्या रस्त्याने हिंडून मुळांसकट आणल्या होत्या. चतुर्थीच्या सकाळी त्या स्वच्छ धुतल्या, ओल्या फडक्यावर आमच्या फुलांच्या परडीत नीट मांडल्या आणि ते आंघोळीला गेले. इकडे गुरुजी येऊन बसले. विजूने मला विचारलं, "पत्री आणलीत ना?" गणपतीला वाहायची एकवीस झाडांची पानं बाजारातून आणायचं काम माझं होतं आणि मी ते साफ विसरलो होतो. परडीकडे माझी नजर गेली. "ती काय," मी म्हणालो.

गुरुजी डोळे मिटून एकेक नाव घेत होते आणि विजू एकेक रोप वाहत होती. "अगस्तिपत्रं समर्पयामि" झालं, तेवढ्यात पंचा गुंडाळलेले साडू बाहेर आले आणि गणपतीच्या मुकुटावर त्यांना आपलं गाजरगवत दिसलं.

"थांबा! हे अगस्ती नाही. हे गाजरगवत आहे."

"भाव महत्त्वाचा, भिया," गुरुजी डोळे न उघडता म्हणाले.

"भाव असू द्या हो, स्पेसिफिकेशनचं काय?"

"भावोजी, तुमचा पाला होता तो?" विजूचा चेहरा पडला. "पण आता देवाला वाहिलंय. उत्तरपूजा होईपर्यंत काढायचं नाही."

आमचा गणपती दीड दिवसाचा. तो दीड दिवस साडू देवापुढून हलले नाहीत. दर तासाला पाल्यावर पाणी शिंपडायचे, उदबत्ती लांब सरकवायचे, कुणी जास्वंद वाहू लागला तर "इकडे नको, पायाशी" म्हणून हात धरायचे. आरतीला आलेल्या मंडळींवर त्याचा फार परिणाम झाला. "असा भक्त अख्ख्या धारमध्ये नाही," असं म्हणून एका वकिलांनी त्यांच्या पायांना हात लावला. साडूंचं लक्ष गाजरगवताच्या मुळाकडे होतं. परडी विजूला मीच दाखवली होती हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला त्यांचा चेहरा बघवत नव्हता. दोन वर्षं करपलेल्या पोळ्याही तपासून खाणारा माणूस त्या दिवशी समोरचा मोदक न मोजता चघळत होता.

उत्तरपूजा झाल्याबरोबर त्यांनी चिमट्याने वीसच्या वीस रोपं उतरवली. गुरुजींनी प्रसाद म्हणून न्यायला परवानगी दिली. मग विजूने स्वतः इस्त्री काढली आणि चार दिवस दोघांनी मिळून पाला वाळवला. कुंकू काही गेलं नाही. आणि साडू खोटं लिहिणारे नव्हेत. वीसही पानांवर त्यांनी नोंद केली: 'प्राप्तिस्थान: कुक्षी रस्ता. नंतर दीड दिवस श्रीगणेशाचे मस्तक, धार.'

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तांबड्या डागावर बोट ठेवलं. "यह कौन-सा रोग है?"

"रोग नहीं मॅडम, कुंकू है."

बाईंनी नोंद वाचली, मग पुढच्या पानावरची वाचली, मग फाइल मिटली आणि शुद्ध मराठीत विचारलं, "मोदक उकडीचे होते की तळणीचे?"

साडू दुसऱ्या श्रेणीत पास झाले. गुणपत्रिका घेऊन आधी आमच्याकडे आले, खिशातून कारखान्याचा जुना 'ओके'चा शिक्का काढला आणि माझ्यापुढे धरला. "साडूभाऊ, तुम्ही मारा. स्वतःचा माल मी कधी स्वतः पास केला नाही." मी तो गुणपत्रिकेवर मारला. शिक्का तिरका पडला. त्यांनी तो पाहिला आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, तिरका माल तसाच फाइलमध्ये ठेवून दिला.

आता ते देवासला असतात. आमच्या गादीखाली काही नाही, वर्तमानपत्र सकाळी सबंध मिळतं आणि पोळीच्या जाडीबद्दल घरात कुणाचं काही म्हणणं नाही. परवा शब्दकोश उघडला तर त्यातून गाजरगवताचं एक वाळकं पान पडलं, कुंकवाचा ठिपका असलेलं. साडूंच्या नियमाप्रमाणे नोंद नसलेला नमुना रिजेक्ट. म्हणून मी एक चिठ्ठी लिहिली: 'प्राप्तिस्थान: आमची परडी. आणणारे: साडू. चूक विजूची नाही. पत्री मी विसरलो होतो.' चिठ्ठी पानाबरोबर ठेवून खंड मिटला. या चतुर्थीला ते यायचे आहेत. आल्याबरोबर तो खंड त्यांच्या हातात द्यावा म्हणतो. तपासल्याशिवाय ते काही जेवायला बसणार नाहीत.