फटफटी ढकलायला आलेली माणसं

जव्हार संस्थान विलीन झालं, त्यानंतर थोड्या वर्षांनी मला देवी काढायची, म्हणजे देवीची लस टोचायची, नोकरी लागली आणि नोकरीबरोबर एक फटफटी मिळाली. ती आधी संस्थानच्या जंगलखात्यात होती. संस्थानची कपाटं, टेबलं, टांगलेली घड्याळं नव्या सरकारकडे आली तशीच तीही आली. मूळचा हिरवा रंग झाकायला कोणीतरी घाईघाईत काळा फासला होता, पण टाकीच्या पोटाखाली हिरवा तसाच राहिला होता. मला त्याचं काही वाटत नसे. मोखाड्यापासून जव्हारपर्यंत दुसऱ्या कोणा देवी काढणाऱ्याकडे फटफटी नव्हती. बाकीचे पायी हिंडत.

ठाण्याच्या कचेरीतल्या एका ड्रायव्हरने मला ती चालवायला आणि थोडीफार दुरुस्त करायला शिकवलं होतं. प्लग काढून पुसायचा, ठिणगीला वीज पुरवणाऱ्या मॅग्नेटोचे पॉइंट साफ करायचे, बॅटरीत पाणी घालायचं. तेवढ्यावर मी स्वतःला अर्धा मिस्त्री समजू लागलो होतो.

होळी नुकतीच झाली होती. जामसरकडच्या एका पाड्यावर देवी आल्याची खबर होती, म्हणून लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मी सकाळीच जव्हारहून निघालो. ऊन वाढायच्या आत पोचायचं होतं, कारण तापली की लस फुकट जाते. गाव सोडलं आणि फटफटीने त्रास द्यायला सुरुवात केली. वळण आलं की आचका द्यायची, दिवा नि हॉर्न चालू असायचे पण इंजिन गप्प. पुन्हा किक मारली की चालू. असं दोन-तीनदा झालं आणि एका चढावर ती जी बंद पडली ती पडलीच.

मी स्टँडवर लावून हत्यारांची पिशवी उघडत होतो, तेवढ्यात समोरून माणसं आली. चार-पाच जण होते, डोक्यावर लाकडाच्या मोळ्या. त्या दिवशी जव्हारचा बाजार होता. मला पाहताच त्यांनी मोळ्या रस्त्याच्या कडेला टेकवल्या आणि एक शब्द न बोलता फटफटीला येऊन भिडले. एकाने मागचं कॅरियर धरलं, एकाने सीटखालची दांडी, एक म्हातारा वाकून मागच्या पायदाणाशी गेला. कोणी कुठे धरायचं हे त्यांना विचारावं लागलं नाही. हात आपापल्या जागी आपोआप गेले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही फटफटी त्यांच्या ओळखीची आहे. वरून काळी केली तरी त्यांनी तिला ओळखलं होतं. जंगलसाहेबाची फटफटी बंद पडली की ती त्यांनीच ढकलायची, असं वर्षानुवर्षं चाललं असणार. मी जव्हारचाच, वडील संस्थानात कारकून. लहानपणी चढावर मोटार ढकलणारी माणसं मी ओट्यावर बसून पाहिली होती आणि मोटार सुरू झाली की टाळ्या पिटल्या होत्या. तीच माणसं आता माझ्या चाकामागे वाकून उभी होती. मला कसंतरीच झालं.

"नको, नको," मी म्हणालो. "ढकलू नका. सोडा तिला."

ते दचकून मागे सरले. साहेब रागावला असं त्यांना वाटलं असावं. म्हाताऱ्याने हात जोडले.

"बाबा, आता वेठ बंद झाली," मी समजावलं. "सरकारचा कायदा आहे. कोणी फुकट राबायचं नाही."

"हां सायेब, बंद झाली," म्हातारा म्हणाला. "आयकलाय आमी." मग जरा थांबून त्याने विचारलं, "मंग ढकलू का आता?"

मी "राहू द्या" म्हटलं आणि खाली मान घालून प्लग काढायला लागलो.

प्लग काळा झाला होता. तो पुसला, वायरीला जोडला, इंजिनावर आडवा ठेवला आणि हाताने किक दाबून ठिणगी पडते का ते पाहू लागलो. उन्हात ठिणगी दिसते कुठली! मी हाताचा आडोसा करतोय हे पाहून एकाने खांद्यावरची घोंगडी काढून माझ्या डोक्यावर धरली. दुसऱ्याने तिचं टोक पकडलं. मी घोंगडीच्या काळोखात, ते बाहेर उन्हात. ठिणगी नव्हती.

मॅग्नेटोचं झाकण काढलं. पॉइंट साफ केले, त्यांच्यातली फट नखाने अजमावली, पुन्हा किक दाबली. काही नाही. आता मी इरेला पेटलो होतो. वायरच गेली की काय, म्हणून ती प्लगपासून सोडवून हातात धरली आणि दुसऱ्या हाताने किक दाबायला गेलो. हँडल मध्ये येत होतं, म्हणून ते कोपराने उजवीकडे ढकललं. त्यासरशी असा सणसणीत झटका बसला की मी ओरडून मागे पडलो, घोंगडीसकट. एका तरुण गड्याच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याने ते लगेच तळहाताने दाबलं. बाकीचे घाबरून माझ्याकडे पाहत होते. मी उठलो, कपडे झटकले आणि हसल्यासारखं केलं, पण ते कोणी हसले नाहीत. ते मोकळेपणी हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

झटक्याचा एक फायदा झाला. वीज होती हे कळलं. मी पुन्हा प्लग लावून पाहिला. हँडल उजवीकडे असलं की ठिणगी पडे, सरळ किंवा डावीकडे केलं की मरे. मग कोडं सुटायला वेळ लागला नाही. फटफटी बंद करायचं एक बटण हँडलवर असतं. त्याची वायर मॅग्नेटोपर्यंत जाते. बटण दाबलं की वीज लोखंडात उतरते आणि ठिणगी विझते. ती वायर हँडलच्या मानेपाशी घासून घासून उघडी पडली होती. आत तांबं चकाकत होतं, आणि आधी फक्त वळणावर लोखंडाला टेकणारं ते आता हँडल सरळ असतानाही टेकत होतं. म्हणजे बटण न दाबताच कोणीतरी ते दाबून धरल्यासारखं होत होतं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हणालो, "सापडलं!"

तेव्हाच मागून एक बाई आली. पाठीला मूल बांधलेलं, डोक्यावर मोळी. ती बहुधा मागे राहिली होती. तिने त्या माणसांकडे पाहिलं, उतरवून ठेवलेल्या मोळ्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या बोलीत त्यांच्यावर ओरडली. मग ती माझ्याकडे वळली.

"साहेब, यांना सोडा आता. बाजार उठंल."

"मी कुठे धरलंय त्यांना?"

"सायेब जा म्हनला नाय," म्हातारा हळूच म्हणाला.

मी घोंगडीखाली पॉइंट घासत बसलो होतो, तेवढा सगळा वेळ ही माणसं परवानगीची वाट पाहत उन्हात उभी होती. मला वाटलं होतं, गंमत पाहताहेत. फटफटीत काय बिघडलंय याचं त्यांना कुतूहल वाटतंय, असं समजून मी मधेमधे त्यांना मॅग्नेटो दाखवतही होतो.

"जा, जा बाबा," मी म्हणालो. "जा तुम्ही." हे म्हणताना माझी मान वर होईना. त्यांनी मोळ्या उचलल्या आणि जवळजवळ पळतच उतार गाठला. बाई शेवटी गेली. जाताना माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

चिकटपट्टी नव्हती. मी ती वायर मॅग्नेटोकडून सोडवूनच टाकली. पहिल्या किकला इंजिन सुरू झालं. फक्त आता बटण दाबून ते बंद होणार नव्हतं. गिअरमध्ये घालून, ब्रेक दाबून गळा दाबल्यासारखं बंद पाडावं लागणार होतं.

पाड्यावर तेच झालं. फडफडत पोचलो, बटण दाबलं, आणि मग आठवलं. घाईत गिअर पडेना. फटफटी पाड्याच्या मधोमध ठणाणत उभी, आणि मी तिच्याशी झटतोय. ती बंद झाली तेव्हा दारादारांतून राख उडत होती, एका चुलीवर नागलीची भाकर करपत होती, आणि माणूस एकही नव्हता. जंगलसाहेब आला असं समजून सगळे रानात पळाले होते. मी दुपारपर्यंत एका आंब्याखाली बसून राहिलो. दोनदा हाका मारल्या. लांब झाडीत एक मूल रडलं आणि कोणीतरी त्याचं तोंड दाबलं. फडकं सुकून गेलं, लस वाया गेली, आणि मी परत आलो.

पुढच्या आठवड्यात मी फटफटी जव्हारलाच ठेवली आणि पायी गेलो. या खेपेस कोणी पळालं नाही. सगळेच पुढे आले असंही नाही. ती मोळीवाली बाई त्याच पाड्यावरची निघाली. तिने मला ओळखलं.

"फटफटी मेली का?"

"नाही, घरी ठेवली."

"बरा केलास," ती म्हणाली आणि पोराला माझ्यापुढे धरलं. पोराने दंड हलवू नये म्हणून तिने तो आपल्या मुठीत घट्ट पकडला होता. पोर किंचाळलं.

नळी पुसता पुसता मी म्हाताऱ्याची चौकशी केली. तो तिचा सासरा होता.

"ठेकेदाराची लाकडं वाहाया गेलाय," ती म्हणाली. "समदे गेलेत. वेठ हाय."

मी नळी फडक्यात गुंडाळली.

"ती बंद झाली म्हनं ना? तूच सासऱ्याला सांगत व्हतास." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मला खरंच काही ठाऊक असेल आणि मी ते सांगेन, अशा आशेने ती विचारत होती.

मी पिशवीचे बंद आवळले, उगाचच पुन्हा सोडले आणि पुन्हा आवळले. मग पुढच्या घराकडे गेलो.