शेऱ्याचा पाय आणि रक्तातलं प्रोटीन

काल सकाळी कुकर लावला, कपडे वाळत घातले आणि रोजच्यासारखा आमच्या कुत्र्याच्या, शेऱ्याच्या सुजलेल्या पायाला आंबेहळदीचा गरम लेप लावायला बसले. ह्यांच्या गुडघ्याला त्याने उतार पडायचा, म्हणून महिनाभर लावत होते. काल नुसता हात लागला तरी तो कळवळला.

बेलवलीहून रिक्षा करून कॅम्प तीन भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्सरेत हाडाचा कॅन्सर दिसला. रक्तात अल्कलाईन फॉस्फेटेस नावाचं प्रोटीन खूप वाढलेलं.

"ते वाढलं की पाय काढूनही फार दिवस मिळत नाहीत, असं वाचलंय मी," मी म्हटलं.

"काकी, माझ्या खुर्चीत तुम्हीच बसा आता," डॉक्टर म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "बहुतेक तसंच होतं. पण खात्री कुणीच देणार नाही. आणि पाय ठेवला तर दुखणं वाढत जाणार. उद्यापर्यंत सांगा."

ह्यांच्या आजारात मला रिपोर्ट कळायचे नाहीत. दाखवतील तिथे सही करायचे. हे गेल्यावर एकेक शब्द शोधून वाचायला लागले. वाटायचं, तेव्हा कळलं असतं तर मार्ग निघाला असता. काल सगळं कळलं, तरी दोन्हीकडून कोंडी.

तुमच्यापैकी कुणी असा निर्णय घेतलाय का? नंतर मनाची समजूत कशी घातलीत?

आज सकाळी मी डॉक्टरांना ऑपरेशन नको म्हणून कळवलं, दुखणं कमी करायच्या गोळ्या आणल्या आणि पहिली गोळी भाकरीच्या तुकड्यात घालून शेऱ्याला भरवली.