एक जूनच्या आत ड्रोन

ड्रोन उडवायला आमच्या घरात सगळ्यात लायक माणूस माझा बाप होता. आप्पा मूळचे कुरुळीचे, शेतकरी घरातले, पण नोकरी सगळी पिंपरीच्या एका कारखान्यात गेली, ओव्हरहेड क्रेनवर. छताला लागून असलेल्या केबिनमध्ये बसायचं आणि खाली टनावारी लोखंड तसूभर इकडे, तसूभर तिकडे ठेवायचं. मी रावेतला एक गाळा घेऊन जमीन मोजणीचा धंदा सुरू केला आणि परदेशी बनावटीचा एक छोटा ड्रोन आणला, तेव्हा आठवडाभर मी तो फक्त बाभळीतून काढत होते. एक दिवस आप्पांनी माझ्या हातातून रिमोट घेतला आणि ड्रोन अलगद बांधावरच्या दगडावर उतरवला. जमिनीवर नाही, दगडावर! खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला.

तेव्हापासून आमचे पायलट तेच. मातीचे ढीग मोज, प्लॉटचा नकाशा काढ, शेडची छपरं बघ, सगळं आप्पा. निवृत्तीनंतर घरात नुसता भाजी निवडणारा माणूस पुन्हा सकाळी दाढी करून तयार राहायला लागला.

मग कायदा आला. आला म्हणण्यापेक्षा येतच राहिला. परदेशी ड्रोन बंद झाले, म्हणून आमचा ड्रोन कपाटात गेला. नवा घ्यायचा तर त्या मॉडेलला सरकारी प्रमाणपत्र हवं, प्रत्येक ड्रोनला स्वतःचा नंबर हवा आणि उडवणाऱ्याकडे पायलटचं सर्टिफिकेट हवं. त्यासाठी दहावी पास पाहिजे. आप्पा होते. वय अठराच्या वर आणि पासष्टच्या आत पाहिजे. इथे घोळ होता.

आप्पा जन्मले नवरात्रात. पण शाळेत घालताना गुरुजींनी गावातल्या सगळ्या पोरांना लावली तीच तारीख त्यांनाही लावली, एक जून. वर थोरल्या भावाच्या वर्गात बसता यावं म्हणून वय दोन वर्षांनी वाढवलं. आमच्याकडे एक जूनला निम्म्या गावाचा वाढदिवस असतो, बेकरीवाला त्या दिवसासाठी जादा केक करून ठेवतो. याच तारखेने आप्पांना कंपनीतून दोन वर्षं आधी घरी बसवलं होतं. आता येत्या एक जूनला ते कागदावर पासष्टचे होणार होते. म्हणजे जे काय करायचं ते त्याच्या आत.

तशी आमची तयारी जुनीच होती. सुरुवातीला सर्टिफिकेटसाठी पासपोर्ट लागायचा.

"ड्रोन जानार चारशे फूट वर, तितं कुठला देश हाय गं?" आप्पांनी विचारलं होतं. "आन् मी तर खालीच उभा ऱ्हानार."

तरी अर्ज केला. चौकशीला आलेल्या हवालदाराने कुठल्या देशात जाणार विचारलं, तर आप्पा म्हणाले, "हितंच, चाकणच्या वर." पासपोर्ट हातात आला आणि थोड्याच दिवसांत नियम बदलला. पासपोर्टची गरज नाही, मतदार कार्ड किंवा रेशनकार्ड चालेल. आप्पांनी पासपोर्ट देवघरात ठेवून दिला, त्याला रोज उदबत्ती मिळते.

राहिला ड्रोन. ट्रेनिंग ड्रोनच्या वजनाप्रमाणे असतं, दोन किलोच्या आतल्याचं वेगळं, वरच्याचं वेगळं. म्हणून आधी ड्रोन ठरवायचा आणि मग आप्पांना पाठवायचं, असा बेत होता. ठरवायला निघालो आणि विकणाऱ्यांची वरात सुरू झाली.

पहिला म्हणाला, शंभर टक्के भारतीय. आप्पांनी बॅटरी उलटी करून तिरंग्याचं स्टिकर नखाने उचकटलं, तर खाली वेगळ्याच लिपीतला मजकूर. दुसऱ्याकडे प्रमाणपत्र अस्सल होतं, पण औषध फवारायच्या ड्रोनचं. "मॅडम, ड्रोन तो ड्रोनच ना," असं तो म्हणाल्यावर आप्पा माझ्याकडे वळले. "रिक्षाचं परमिट दावून ट्रक चालवा म्हनतोय ह्यो." तिसऱ्याचं प्रमाणपत्र 'प्रोसेसमध्ये' होतं. पाडव्याला प्रोसेसमध्ये होतं, अक्षय्य तृतीयेलाही प्रोसेसमध्येच होतं. मी त्याला फोनवर एवढं फैलावर घेतलं की शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला. चौथ्याकडे सगळं होतं, फक्त कॅमेरा नवा बसवल्यामुळे मॉडेल बदललं होतं, आणि बदललेल्या मॉडेलचं प्रमाणपत्र अजून व्हायचं होतं. त्यात रोज सकाळी सरकारी नकाशा उघडायचा, आपल्या साइटवर हवाई हद्द हिरवी आहे, म्हणजे खुशाल उडवा, की पिवळी, म्हणजे आधी परवानगी, ते बघायला. माझी आई पंचांगसुद्धा इतक्या भक्तीने बघत नाही.

अर्धा मे उलटल्यावर एकदाचा सापडला. दोन किलोच्या वरचा, दिसायला मिक्सरच्या भांड्यासारखा, पण सरकारी साइटवर त्याच्याच नावाने, त्याच्याच कॅमेऱ्यासकट प्रमाणपत्र. आप्पांनी तो चारी बाजूंनी फिरून बघितला आणि म्हणाले, "घे. रूप बघायला आपल्याला सोयरीक न्हाई करायची."

त्याच दिवशी राजगुरुनगरच्या बाजूचं ट्रेनिंग सेंटर गाठलं. तिथे मेच्या सगळ्या बॅच भरलेल्या. पुढची जागा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात.

मी भांडले. आवाज चढवून भांडले. म्हटलं, हे खरे त्रेसष्टचेच आहेत, कुणालाही गावात विचारा. टेबलामागचा माणूस सज्जन होता, त्याने संगणकात तारीख टाकून दाखवली. "मॅडम, जूनच्या बॅचला सिस्टीमच घेत नाही. बघा, लाल होतंय." मी पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात आप्पांनी माझा दंड धरला. "चल. त्याच्या हातात न्हाई ते."

परतताना चाकणच्या चौकात मी गाडीतच रडले. आप्पांना त्यांच्या हातचं काम दुसऱ्यांदा सोडावं लागत होतं, दोन्ही वेळा एका खोट्या तारखेपायी, याचं मला मनापासून वाईट वाटत होतं. तिथलं ट्रॅफिक असं की रडून झालं, डोळे पुसून झाले, आप्पा खाली उतरून दोन चहा घेऊन आले, ते पिऊन झाले, तरी समोर तोच कंटेनर.

"ती जूनची जागा तू घे," रिकामा कप माझ्या हातातून घेत ते म्हणाले.

"मी? मी बाभळीत घालते, आप्पा."

"मग बाभळी नसतील तितं उडव."

मी गेले. रोज संध्याकाळी घरी आल्यावर ते माझी उलटतपासणी घ्यायचे, आज काय शिकवलं, वाऱ्यात काय करायचं सांगितलं. परीक्षेत मी पास झाले. घरात पेढे त्यांनीच वाटले, पण 'माझी पोरगी पायलट झाली' हे सांगताना एकदा ते मध्येच खोकल्याचं निमित्त करून आत गेले.

पहिलं काम एका कारखान्याच्या वाढीव जागेचं होतं. गेटवर पायलट म्हणून माझं नाव लिहिलं, आप्पा मदतनीस म्हणून आत आले. उड्डाण ठीक झालं, पण उतरवायच्या वेळी वारा सुटला. ड्रोन डुलायला लागला. ड्रोन उतरवायला अंथरलेल्या ताडपत्रीच्या पलीकडे आप्पा उभे होते. त्यांनी उजवा हात आडवा धरला, तळवा खाली, आणि हळूहळू खाली आणला. मग थोडा डावीकडे. मग मूठ मिटली, थांब. वर बसलेल्या क्रेनवाल्याला खालचा माणूस असंच सांगत असतो. सगळी नोकरी त्यांनी वरून दुसऱ्यांचे हात वाचले होते. मी ड्रोन बघत होते आणि त्याच्याखाली त्यांचे हात. मूठ उघडली, पुन्हा तळवा खाली. ड्रोन ताडपत्रीच्या मधोमध टेकला.

पंखे थांबले. आप्पांनी दोन्ही हात खिशात घातले आणि गेटकडे एकवार बघून घेतलं.

"हात हलवायला आजून कायदा न्हाई ना, बाई?"

"नाही, आप्पा."

"मग झालं तर. लाव दुसरी बॅटरी."