एकाच नावाच्या चौघी

दुपारी दोनच्या सुमारास मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातले जुने मुकादम. आता ऐंशीच्या पुढे, कान पार गेलेले. कशी आहेस नाही, काही नाही. त्यांनी एक नाव घेतलं, "गेली. आज सकाळी," म्हणाले आणि फोन ठेवला. परत लावला, तर त्यांना घंटाच ऐकू जाईना.

ते नाव बाहीवालीचं स्वतःचंच होतं.

ती जन्मली तेव्हा त्या नावाची लाटच आली होती. मुलगी झाली की डोळे मिटून हेच ठेवायचं. वर्गात सहा जणी, सासरी आली तर धाकटी जाऊ त्याच नावाची. आणि कारखान्यात एका रांगेत चौघी. मास्तरांनी हाक मारली की चार मशिनं एकदम थांबायची, चार माना वर. आठवडाभर सोसून मास्तर कावले. "असं चाललं तर शाळा सुरू होतील आणि पोरं उघडीच राहतील! आजपासून जी जे शिवते, ते तिचं नाव."

तेव्हापासून ती बाहीवाली. पुढे कॉलरवाली, मागे खिसेवाली, शेजारी काजवाली. दाराशी धागे काढणारी बसायची. तिची कात्री फिरल्याशिवाय शर्ट बाहेर जात नसे. पत्र्याच्या भोकांतून ऊन उतरायचं, त्यात निळ्या कापडाची धूळ तरंगायची. डबे उघडताना चौघींच्या भुवया निळ्या झालेल्या असत. आईबापांनी दिलेलं नाव सगळ्या जगात वाटून घ्यावं लागे. बाहीवाली हे मात्र अख्खं तिचं होतं. कारखाना बंद पडला त्या दिवशी तिला नोकरीपेक्षा या नावाचंच जास्त वाईट वाटलं होतं.

आता तिच्या मनात एकच: काजवाली नको. कोणीही असो, ती नको.

दोघींचं बोलणं सहा महिने बंद होतं. काजवालीला नात झाली, घरच्यांनी सध्या चालतं तसं नवंकोरं नाव ठेवलं. ऐकल्याबरोबर बाहीवाली म्हणाली होती, "वर्गात आणखी पाच निघतील गं. आत्तापासून एखादा मास्तर बघून ठेव." ती हसायला गेली आणि काजवालीनं फोन आपटला. नंतर दोघीही अडून बसल्या. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता सहा महिने.

तिनं मोबाइल घेतला. मुलानं तिघींचे नंबर भरून दिले होते: तेच नाव आणि पुढे एक, दोन, तीन. काजवाली कितवी, हे तिला कधीच लक्षात राहिलं नव्हतं. एक लावला. व्यस्त. दोन. व्यस्त. तीन, तोही व्यस्त. घरातलं माणूस गेलं की फोन असेच अडकून राहतात.

तेवढ्यात हातातला फोनच वाजला. दोन.

"अगं, आहेस का तू?"

काजवालीचा आवाज. बाहीवालीनं फोन कानावरून काढून दोनचा आकडा पुन्हा बघितला.

"बोल की, मेले!"

"आहे गं, आहे. आणि तू?"

"मी नसते तर फोन काय भुतानं केला? मास्तरांनी मलाही कळवलं. मला वाटलं तूच. कधीचा लावतेय, तुझा लागेल तर शपथ!"

"कारण मी तुला लावत होते."

दोघी हसल्या, हसता हसता नाकं पुसली. कॉलरवाली आणि खिसेवालीशी काजवालीचं आधीच बोलणं झालं होतं. दोघी ठणठणीत.

"मग गेलं कोण?" काजवाली म्हणाली. "म्हाताऱ्याला भ्रम झालाय."

त्या पहिल्या आठवड्यानंतर मास्तरांनी बाहीवालीला कधी त्या नावानं हाक मारली नव्हती. चौघींपैकी कुणालाच नाही. त्या नावानं ते एकीलाच हाक मारायचे.

"धागे काढणारी," ती हळूच म्हणाली. "दाराशी बसायची ती."

वयानं सगळ्यांत मोठी, पण कामावर सगळ्यांत शेवटी आलेली. पहिल्या दिवशी तिनं नाव सांगितलं तेव्हा चौघींनी कपाळावर हात मारला होता. मास्तर म्हणाले होते, "असू दे. हे नाव सध्या मोकळंच आहे." आणि ती कात्री शोधत शांतपणे म्हणाली होती, "माझ्या लहानपणी मी एकटीच होते या नावाची. तुम्ही सगळ्या मागून आलात, बायांनो."

"तिचं आडनाव काय होतं गं?" काजवालीनं विचारलं.

"कुणास ठाऊक."

"मुलंबाळं?"

"कधी विचारलंच नाही."

"घर मास्तरांना माहीत असेल. चौघी जाऊ संध्याकाळी. पण दारात कुणी विचारलं, कोणाकडे आलात, तर सांगायचं काय?"

"नाव सांगू," बाहीवाली म्हणाली. "तेवढं तरी येतंय आपल्याला."