दार सताड उघडं होतं

नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारीला स्वतःचा एक वास असतो, तापलेल्या धुळीचा आणि घराघरांच्या कूलरमधून झिरपणाऱ्या ओल्या खसाचा. त्या प्रहरी गल्लीत चिटपाखरूही नसतं. दारं-खिडक्या लावून सारी वस्ती निपचित पडलेली असते. म्हणूनच चर्चच्या हॉलमधले पंखे बंद करून मी परतले, तेव्हा एकट्या आमच्याच घराचं दार सताड उघडं दिसलं आणि मी धावत सुटले.

सुट्टीतल्या मुलांचा बायबलवर्ग मी घेते. त्या दिवशी वर्ग सुटला, घरी आले, जेवणं झाली आणि मग पंखे तसेच फिरत राहिल्याचं आठवलं. माझ्या लेकीचे, शेरनचे बाबा कळमेश्वरला, कारखान्यात. सात वर्षांच्या लेकराला एवढ्या उन्हातून कशाला न्यायचं, म्हणून मी तिला बजावलं, ‘‘आतून कडी लाव. कोणीबी आलं तरी उघडू नको वं.’’

फाटकापासून उंबरठ्यापर्यंत आईच्या मनात काय काय अमंगळ उमटून जातं, ते देवालाच ठाऊक. मुलांना इतक्या प्रार्थना पाठ करवून घेणारी मी, मला तेव्हा एकही आठवली नाही; ओठांवर होतं फक्त तिचं नाव. आत खुर्चीवर एक अनोळखी माणूस पाणी पीत बसला होता. डोक्याला गमछा, पायाशी कूलरला लावायच्या खसाच्या ताट्यांचा भारा, आणि पुढ्यात तांब्या घेऊन उभी शेरन. मी तिला अशी खसकन ओढली, की तांब्या सांडला.

तो माणूसच घाबरला. अर्धा पेला तसाच ठेवून उठला. ‘‘पोरीले रागवू नका, ताई. ऊन लय तपून राहिलं, म्या पाणी मांगतलं.’’ मग भारा उचलता उचलता म्हणाला, ‘‘मलेबी पोरगी आहे. असं कोणालेबी दार उघडत जाऊ नको, हेच हिले सांगून राहिलो होतो.’’ तो गेला. ‘पाणी तरी पुरं प्या’ म्हणायचं मला सुचलं नाही. खरं सांगते, म्हणावंसंही वाटलं नाही. मी घाईघाईने कडी घातली.

‘‘काहून उघडलं वं?’’ मी ओरडले.

ती हुंदके देत म्हणाली, ‘‘सकाळी तूच तर शिकवलं, येशू दार वाजवते, आपण उघडाचं. मी विचारलं, येशू हाये का? तर तो म्हणे, पाणी भेटन का?’’

कित्येक उन्हाळे मी हा पाठ शिकवते आहे. हॉलच्या दारामागे उभी राहून टकटक करते, मुलं धावत येतात, आधी उघडेल त्याला गोळी मिळते. किती सोपा होता तो विश्वास, दारामागे नेहमी मीच असल्यामुळे! आता उद्या सकाळी त्याच मुलांसमोर काय सांगायचं? शेरनला कुशीत घेऊन म्हटलं, ‘‘यापुढं कोणी वाजवलं, तर मले हाक मार. मीच पाहीन कोण आहे.’’

तिने डोळे पुसले.

‘‘अन् खरंच येशूच आला, तर तुले ओळखू येईन?’’

‘हो’ म्हणायला मी तोंड उघडलं. आणि मघाच्या त्या माणसाचा चेहराच मला आठवेना.