आळीपाळीचं स्तोत्र

आमच्या गावी उपासना मोकळी असायची. ज्याला जे सुचेल ते तो प्रार्थनेत बोले. कॉलेजसाठी परळला आले आणि इथल्या चर्चमध्ये छापील उपासनाक्रम हातात पडला. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, सगळं ठरलेलं. मला ते शाळेच्या वेळापत्रकासारखं कोरडं वाटलं.

नोकरी लागली त्याच वर्षी वडील गेले. त्यानंतर मला प्रार्थनाच करता येईना. शब्दच सुचत नसत. गावाहून परतल्यावर पहिल्या रविवारी स्तोत्र वाचायची पाळी माझी होती. इथे स्तोत्र आळीपाळीने वाचतात, एक वचन वाचकाचं, पुढचं बाकांवर जमलेल्या मंडळीचं. तिसऱ्या वचनाला माझा आवाज फुटेना. तेव्हा पहिल्या बाकावरच्या आजोबांनी, जे पूर्वी गिरणीत होते, माझं वचन शांतपणे वाचलं. मंडळीने आपलं वाचलं. शेवटपर्यंत तसंच चाललं. मी नुसती उभी होते, पण कितीतरी दिवसांनी प्रार्थनेत होते. त्या ठरलेल्या क्रमाचे उपकार मी विसरणार नाही.

बाहेर आल्यावर मी आजोबांची माफी मागितली.

“माफी कसली, बाय? पुढच्या रविवारी माझी पाळी हाय. चष्म्याचा नंबर वाढलाय, दिसत नाय. तू वाच, म्हणजे फिटंफाट.”

पुढच्या रविवारी मी सगळं स्तोत्र वाचलं. आजोबांनी पुस्तक उघडलंही नव्हतं. मंडळीची वचनं ते माझ्याकडे बघत तोंडपाठ म्हणत होते.